अटलांटात शनिवारी बर्फ: मुलांचा दिवस कसा आखावा, आणि आपल्याकडची थंडी त्यांना कशी दाखवावी?

शेवंती

नमस्कार मंडळी. शनिवारी सकाळपासून अटलांटाच्या उत्तर भागात दोन ते तीन इंच बर्फाचा अंदाज आहे. तापमान दिवसभर ३० ते ३४ फॅरनहाइट, म्हणजे शून्य सेल्सिअसच्या आगेमागे. मुलं सात आणि चार वर्षांची, दोघांनीही पडता बर्फ पाहिलेला नाही. इथे असा दिवस क्वचित उगवतो, त्यामुळे तो खिडकीतून बघण्यात घालवायचा नाही. घरात बर्फाचे बूट, स्लेड, फावडं यातलं काहीही नाही, आणि एका दिवसासाठी विकत घ्यायचंही नाही.

कपडे काय घालावेत आणि किती वेळ बाहेर ठेवावं? एवढ्याशा बर्फात स्नोमॅन होतो का? आणि धाकटी सारखी विचारते आहे, "आई, तुमच्याकडे बर्फ पडायचा का?" तर त्याच दिवशी तिला आपल्याकडच्या थंडीतलंही काही दाखवायचं आहे. शेकोटी, हुरडा, तिळगूळ, जमेल ते. सासूबाई इथे आल्या आहेत. त्यांचं म्हणणं, गराजचं दार अर्धं उघडं ठेवून कोळशाची शेगडी पेटवू. चालेल का?

गारठा

शेवंतीताई, आधी वेळेचं बघा. अटलांटाचा बर्फ बहुतेकदा एकटा येत नाही. ईशान्येकडून आलेली थंड हवा ॲपलाचियन डोंगरांच्या पूर्व अंगाला साचते आणि मेक्सिकोच्या आखातावरची दमट, उबदार हवा तिच्यावर चढते. वरपासून खालपर्यंत हवा शून्याखाली आहे तोवर बर्फ. मध्येच उबदार थर घुसला की हिमकण वाटेत वितळतात. खालची थंड हवा जाड असेल तर ते पुन्हा गोठून कडक दाणे होऊन पडतात. पातळ असेल तर पाणी म्हणूनच पडतात आणि जमिनीला, फांद्यांना, तारांना टेकल्या टेकल्या गोठतात.

म्हणून खेळायचा खरा वेळ पहिल्या काही तासांचा. "दुपारी जेवून जाऊ" म्हणालात तर दुपारपर्यंत वर काचेसारखी कडक पापुद्री आलेली असेल. तिचा स्नोमॅन होत नाही आणि पडलं की गुडघे सोलतात. खिडकीवर तडतड आवाज यायला लागला की दाणे सुरू झाले असं समजा. गोठणारा पाऊस सुरू झाला तर मुलांना पाइनच्या झाडांखालून ताबडतोब बाजूला घ्या. सुया बारा महिने हिरव्या असल्यामुळे त्यांच्यावर बर्फाचं वजन फार धरलं जातं आणि फांदी न सांगता मोडते.

दुसरं, डोंगर शोधत गाडी काढू नका. २८ जानेवारी २०१४ला याच शहरात जेमतेम अडीच इंच बर्फ होता. ऑफिसं आणि शाळा एकाच वेळी सुटल्या, चाकांखाली बर्फ दाबला जाऊन त्याची काच झाली आणि लोक रात्रभर महामार्गांवर अडकले. कित्येक मुलं शाळेतच झोपली. दूध, भाजी, जळण, जे आणायचं ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आणून टाका. बाकी सगळं अंगणात होतं.

उत्तरवाट

कपड्यांचं सांगते. अंगाला लागून सुती काही नको, हा एक नियम पाळला तरी निम्मं काम झालं. सुती कापड घाम आणि बर्फाचं पाणी धरून ठेवतं आणि ओलं झालं की अंगातली ऊब ओढून घेतं. जीन्स तर सर्वांत वाईट. आत व्यायामाचे पॉलिस्टरचे कपडे किंवा थर्मल, मध्ये फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, वरून रेनकोट. खालीही तसंच: लेगिंग्ज, त्यावर फ्लीसचा पायजमा, त्यावर पावसाळी पँट. कानटोपी हवीच. मफलर धाकटीला नको, खेळताना अडकतो. त्याऐवजी गळ्यापर्यंत ओढता येणारी टोपी घाला.

पायांना लोकरीचा एकच मोजा, त्यावर पावाची रिकामी प्लास्टिकची पिशवी, मग बूट. पिशवीचं तोंड पँटच्या आत जाऊ द्या, म्हणजे वरून बर्फ शिरत नाही. मोज्यांवर मोजे चढवून बूट घट्ट करू नका. रक्त कमी पोचतं आणि पाय उलट लवकर गार पडतात. हातांना लोकरीचे मोजे आणि वरून भांडी घासायचे रबरी हातमोजे, मोठ्या मापाचे. लहानांना पाच बोटं घालायचा कंटाळा येतो, म्हणून चार वर्षांच्या मुलीसाठी मोज्यावर साधी पिशवी चढवून मनगटाला सैलसर रबर लावलं तरी चालतं. प्रत्येकाचे हातमोजे आणि पायमोजे दोन-दोन जोड काढून ठेवा. पहिली जोडी पंधरा-वीस मिनिटांत भिजतेच.

धाकटीला वीस मिनिटं, मोठ्याला अर्धा-पाऊण तास, मग आत. ओलं सगळं उतरवायचं, काहीतरी गरम प्यायचं, कोरडे कपडे, पुन्हा बाहेर. बोटाचं टोक, नाक किंवा कानाची पाळी पांढुरकी आणि बधिर झाली तर चोळू नका, शेकोटीजवळही धरू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. कोपराला सोसेल इतक्या कोमट पाण्यात धरा. रंग आणि जाणीव लवकर परत आली नाही तर डॉक्टरांना फोन करा.

आता स्नोमॅन. तुम्ही सांगताय त्या तापमानाला बर्फ ओलसर पडेल आणि तोच चिकटतो. मुठीत दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि हाताला ओल आली तर बर्फ योग्य. पिठीसारखा भुरभुरला तर स्प्रेच्या बाटलीने हलकं पाणी मारा आणि पाच मिनिटं थांबा. तीन इंच ओला बर्फ म्हणजे चौरस मीटरला साधारण दहा-अकरा किलो. ४०, ३० आणि २० सेंटीमीटर व्यासाचे तीन गोळे केले तर मिळून वीस-बावीस किलो लागतात. गोळा लोळताना सगळा बर्फ उचलत नाही, तरी चार-पाच चौरस मीटर अंगण पुष्कळ झालं. पावणेतीन-तीन फुटांचा माणूस उभा राहतो, मुलांच्या मापाचा. याहून मोठा करायचा मोह टाळा. ६० सेंटीमीटरचा एकच गोळा पंचेचाळीस किलोच्या आसपास जातो, तो दुसऱ्यावर चढवायला दोन माणसं आणि एक फळी लागते.

मुठीएवढ्या गोळ्यापासून सुरुवात करा आणि दर दोन-तीन फुटांनी दिशा बदला. एकाच दिशेने लोळवला की लाटणं होतं. जिथे उभा करायचा तिथेच मोठ्या गोळ्याचं लोळवणं संपवा. माथा हाताने सपाट करा, वरचा गोळा ठेवा आणि सांध्यात ओला बर्फ लिंपा. सांधा न लिंपल्यामुळेच डोकं घसरतं. आणि शुक्रवारी अंगणातला पाला झाडून घ्या! जॉर्जियाच्या अंगणात ओकचा पाला असतोच, तो गोळ्याला चिकटला की तपकिरी, केसाळ प्राणी तयार होतो.

घसरायला प्लास्टिकच्या मोठ्या साठवणीच्या डब्याचं झाकण उत्तम. खोक्याचा पुठ्ठा घेतलात तर तो कचऱ्याच्या जाड पिशवीत घालून चिकटपट्टीने बंद करा, नुसता पुठ्ठा लगेच लगदा होतो. दोन-तीन इंच बर्फात पट्ट्यांची स्लेड गवतात रुतते, सपाट बुडाचीच वस्तू चालते. उतार गवताचा हवा, खाली निदान दहा मीटर सपाट मोकळी जागा, वाटेत झाड नको, शेवटी रस्ता नको. घरासमोरचा ड्राइव्ह-वे रस्त्यावर उतरत असेल तर तो या खेळासाठी बंद. बसून, पाय पुढे, सायकलचं हेल्मेट घालून. पहिल्या काही फेऱ्यांनी वाट दाबली जाते आणि मग वेग एकदम वाढतो. म्हणून धाकटीचा नंबर आधी लावा, मोठ्याचा नंतर, आणि वेग वाढला की सुरुवातीची जागा खाली आणा.

चिंचगूळ

खाण्याचं माझ्याकडे.

बर्फाचा गोळा आपल्याकडे उन्हाळ्यात, चौपाटीवर. तिकडे तो किसलेल्या लादीचा असतो, इथे आकाशातून तयार मिळतोय. मोठी स्टीलची परात झाडांपासून आणि रस्त्यापासून लांब, उघड्यावर ठेवा. पहिल्या तासाभराचा बर्फ टाकून द्या, तो हवेतली धूळ घेऊन येतो. नंतर परातीत पडेल तोच खायचा, जमिनीवरचा खरवडून नाही. पाक आदल्या दिवशी करा: दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळून एक उकळी, गार झाला की फ्रिजमध्ये. कोमट पाक ओतलात तर बर्फ तिथेच बसतो आणि वाटीत गोड पाणी उरतं. कोकमाचा करायचा तर आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं. सरबताचं गोड कोकम घ्या. ताज्या बर्फात हवाच जास्त, म्हणून वाटीत गच्च दाबून भरायचा, मध्ये काडी खोचायची, उपडा करायचा आणि मग पाक. वरून काळं मीठ आणि लिंबू.

यापेक्षा मला आवडतो तो बर्फावरचा गुळाचा पाक. कॅनडात मेपलचा पाक बर्फावर ओततात, तेच गुळाचं. २५० ग्रॅम साधा गूळ (चिक्कीचा नको, तो कडक होतो), तीन चमचे पाणी, एक चमचा तूप. मध्यम आचेवर ढवळत राहा. फेस दाट झाला की गार पाण्याच्या वाटीत थेंब टाका. बोटांनी मऊ गोळी वळता आली की उतरवा. थर्मामीटर असेल तर ११५ सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे २४० फॅरनहाइट. ट्रेमध्ये दोन इंच बर्फ पालथ्या वाटीने दाबून सपाट करून ठेवलेला असू द्या, त्यावर चमच्याने बारीक धार सोडा आणि लगेच भाजलेले तीळ भुरभुरा. पंधरा-वीस सेकंदांत चिवट पट्टी होते, काट्याला गुंडाळून खायची. पाक कच्चा राहिला तर तो बर्फाला भोक पाडून खाली उतरतो. जास्त झाला तर काच होते आणि दाढेला चिकटते. पाक ओतायचं काम मोठ्यांचं. उकळत्या पाण्यापेक्षा हा जास्त गरम असतो आणि कातडीला चिकटून राहतो, सुटत नाही. संक्रांत आसपासच आहे, तिळगूळ याच रूपात द्या.

हुरडा: गुजराती दुकानात फ्रोझन पोंक विचारा, तो कोवळ्या ज्वारीचाच. वितळवत बसू नका. लोखंडी कढई कडकडीत तापवून गोठलेलाच टाका, मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं हलवत राहा. झाकण ठेवलं की वाफेने लगदा. आगटीतल्या गोवऱ्यांचा धुरकट वास यात येणार नाही, पण दाण्याचा गोडवा येतो. सोबत लसणाची आणि शेंगदाण्याची चटणी, बारीक शेव, गूळ, दही.

शेकोटी होणारच असेल तर पोपटी करा असं मी आग्रहाने सांगेन. रायगडात, अलिबाग-पेण-रोहा पट्ट्यात, वालाच्या शेंगा आल्या की ही होते. मडक्यात तळाला आणि कडेने भांबुर्ड्याचा (एका वासाच्या रानझुडपाचा) पाला, मग शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला गच्च. मडकं पालथं घालून भोवती पेंढा, काटक्या, सुका पाला पेटवतात. पाण्याचा एक थेंबही नाही, शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर शिजतं. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडून बघायचं. चुर्र होऊन तत्क्षणी उडालं की झाली.

इथे झाकणाचं जाड बिडाचं भांडं घ्या. फ्रोझन पापडी (वालाच्याच शेंगा) एक किलो, पूर्ण वितळवून फडक्यावर कोरडी केलेली. ओली राहिली तर पोपटीऐवजी उसळ होते. कोबीची बाहेरची पानं तळाला आणि वर, दीड चमचा ओवा, सव्वा ते दीड मोठा चमचा जाडं मीठ, लहान बटाटे चिरा देऊन. ओव्हनमध्ये ४०० फॅरनहाइटला ४५ ते ५० मिनिटं, मध्ये झाकण उघडायचं नाही. भांबुर्ड्याचा वास कशानेच भरून येत नाही. त्याच्या जागी रोझमेरी वगैरे घालू नका, निराळाच पदार्थ होतो.

पळसपान

"तुमच्याकडे बर्फ पडायचा का?" याचं खरं उत्तर मुलीला द्या: पडायचा नाही, पण गवतावर गोठायचा. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या भागात हिवाळ्यात पहाटे गवत, होड्या, गाड्यांची टपं पांढरी होतात. बातम्यांत "बर्फ पडला" छापून येतं, ते गोठलेलं दव असतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते आणि गार झालेली जड हवा तलावाच्या खोलगट भागात येऊन बसते. तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटर वर असतो, म्हणून तो चार-पाच अंश दाखवत असतानाही खाली गवताचं पातं शून्याखाली गेलेलं असतं.

आकडे सांगायचे तर पुण्याचा नीचांक १७ जानेवारी १९३५चा, १.७ सेल्सिअस. मुंबईचा २२ जानेवारी १९६२चा, ७.४. निफाडकडे अशा थंडीत द्राक्षाच्या मण्यांची फुगवण थांबते, म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि वेलींना पाणी सोडतात. गार होताना पाणी उष्णता सोडतं, मुळांजवळची माती तेवढी सावरते. शेकोटी म्हणजे फक्त अंग शेकणं नव्हे, हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

हे नुसतं सांगण्यापेक्षा करून दाखवता येतं. १७७५ साली रॉबर्ट बार्कर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने अलाहाबादला बर्फ कसा करतात ते लिहून ठेवलं आहे: उथळ खड्ड्यांत उसाची किंवा मक्याची सुकी चिपाडं पसरायची, त्यावर पसरट, बिनझिलईच्या मातीच्या थाळ्यांत उकळून गार केलेलं पाणी ठेवायचं आणि सूर्योदयापूर्वी बर्फ काढून घ्यायचा. बर्फाच्या वादळानंतर आकाश निवळलं की किमान तापमान ३५ ते ३८ फॅरनहाइट असलेली शांत रात्र निवडा. तीन पसरट थाळ्या, प्रत्येकीत अर्धा सेंटीमीटर पाणी: एक थर्मोकोलवर उघड्या आकाशाखाली, एक तशीच काँक्रीटवर, एक थर्मोकोलवरच पण झाडाखाली. सूर्य उगवायच्या आत बघा. पहिलीवर पापुद्रा धरण्याची शक्यता सर्वांत जास्त. काँक्रीट खालून ऊब देत राहतं आणि झाड वरून आकाश झाकतं. वारा असेल किंवा ढग आले तर प्रयोग फसतो, तो दुसऱ्या रात्री करा.

शनिवारी सकाळी हिमकणही दाखवा. काळं कापड पुठ्ठ्याला लावून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर नेऊन त्यावर कण झेला आणि भिंगातून बघा. श्वास बाजूला सोडायचा. शून्याजवळ कण एकमेकांना चिकटून गुंतवळ होऊन येतात, म्हणून सुटा षटकोनी तारा शोधायला धीर धरावा लागतो. व्हरमाँटच्या विल्सन बेंटलीने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून पहिला हिमकण टिपला तो असाच गार काळ्या पृष्ठभागावर झेलून.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. पाला आजच झाडून घेते. पोंक मिळाला आहे, पापडीही. दोन गोष्टी राहिल्या: शेगडीचं कुणी बोललं नाही, आणि बाजरीची भाकरी थापताना चिरते. पीठ इथल्याच दुकानातलं आहे.

चिंचगूळ

पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली आहे. बाजरीत तेल जास्त, त्यामुळे पीठ लवकर जुनं होतं. आधी चिमूटभर तोंडात टाकून बघा, कडू लागलं तर टाकून द्या. कडू नसेल तर उकड काढा: दोन वाट्या पिठाला साधारण सव्वा वाटी उकळतं पाणी, मीठ, झाकून दहा मिनिटं, मग तळहाताने खूप मळा. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा घ्या. वरून तीळ दाबा, तव्यावर टाकल्यावर लगेच पाणी फिरवा.

गारठा

शेगडी गराजमध्ये नको. दार अर्धं उघडं असलं तरी नको. पूर्ण उघडं असलं तरी नको. आईंना आदराने पण स्पष्ट सांगा: आपल्याकडे शेगडी ओसरीवर किंवा वाऱ्याच्या स्वयंपाकघरात असायची, इथलं घर चारी बाजूंनी बंद केलेलं असतं. कोळसा धूर न करता लाल धुमसत असतो तेव्हाही कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतो, आणि त्याला वास नसतो. फेब्रुवारी २०२१च्या टेक्सासच्या थंडीत वीज गेल्यावर घरात कोळसा आणि गराजमध्ये गाडी चालू ठेवून लोक दगावले. घरातल्या अलार्मची बॅटरी आजच तपासा.

शेकोटी बाहेर करा, घरापासून निदान दहा फूट दूर, वर पाइनची फांदी नाही अशा जागी. अटलांटा भागातली उघड्यावर जाळण्याची उन्हाळी बंदी १ मे ते ३० सप्टेंबर असते, तिचा आता प्रश्न नाही. शहराचे आणि सोसायटीचे नियम मात्र बघून घ्या. थेट बर्फावर जाळ केला तर खालचा बर्फ वितळून जाळ चिखलात बसतो. पाय असलेला लोखंडी पिट घ्या किंवा विटांचे दोन थर घाला. दुकानातली वाळवलेली लाकडं आणा, अंगणातली ओली फांदी नुसता धूर करते. सुरुवातीला पाइनची सुकी बोंडं आणि बोटाएवढ्या ढलप्या. पेट्रोल, रॉकेल काही नाही. बादलीभर पाणी शेजारी.

ड्राइव्ह-वे बर्फ मऊ आहे तोवरच मोकळा करा. सपाट तोंडाचं बागेतलं फावडं किंवा मोठा खराटा चालतो. पानं उडवायचा ब्लोअर कोरड्या बर्फाला लागू पडतो, ओल्याला नाही. बर्फ काढून झाल्यावर मीठ: वीस फुटांच्या ड्राइव्ह-वेला कॉफीचा एक मग, साधारण ३५० ग्रॅम, पुरतं. ढीग घालून काम लवकर होत नाही, फक्त गवत जळतं. काँक्रीट वर्षभरातलं असेल तर मीठ नको, वाळू टाका. गरम पाणी ओतू नका, तेच थोड्या वेळात काच होऊन बसतं. बाहेरच्या नळाची पाइप काढून ठेवा. रात्री पारा २० फॅरनहाइटखाली जाणार असेल तर बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेवा आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी.

रविवारी ऊन पडलं की रस्ते कोरडे दिसायला लागतील. कडेच्या ढिगांतून वितळलेलं पाणी रात्री पुन्हा गोठतं आणि डांबरावर दिसत नाही, विशेषतः पुलांवर आणि सावलीतल्या वळणांवर. सोमवारी शाळा सुरू असली तरी सकाळी दहाच्या आत गाडी काढायची गरज नसेल तर काढू नका.